कानाच्या ऑपरेशनचं संमतीपत्र आधी घरी वाचायला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "दुसरा कान चांगला आहे ना, मग कशाला काळजी करतेस?" आणि एखाद्या दवाखान्यात पाचव्या मिनिटाला ऑपरेशनची तारीखच हातात पडते. मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. डाव्या कानाचं ऑपरेशन मी करून घेतलं, मला गुण आला आणि मी समाधानी आहे. तरीही हे पत्र "ऑपरेशन करा" असं सांगायला लिहीत नाही. करायचं की नाही हे ठरवताना पेशंटच्या हातात काय असायला हवं, याबद्दल लिहायचं आहे.

आधी त्या "दुसरा कान चांगला आहे ना" बद्दल. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. एका कानाला आवाज किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्यावरून दिशा कळते. एक कान मंदावला की आवाज येतो, पण कुठून येतो ते समजत नाही. आमच्याकडे दोन इयत्ता एका खोलीत बसतात. चौथीला गणितं घालून मी तिसरीकडे वळले की मागून "बाई, झालं" अशी हाक यायची आणि मी भलत्याच मुलाकडे बघायचे. ज्याने हाक मारली तो हिरमुसायचा. शिक्षण परिषदेला डाव्या बाजूला बसलेल्या बाईंचं बोलणं माझ्यापर्यंत पोचायचंच नाही, आणि लोकांना वाटायचं, हिला भारी शिष्टपणा आलाय. रस्त्याने चालताना हॉर्न ऐकू यायचा, पण गाडी कुठल्या अंगाने येतेय ते कळायचं नाही. एक कान चांगला असलेल्या माणसाचं असं रोजचं जगणं असतं. त्याला किरकोळ म्हणणाऱ्यांनी एका कानात कापसाचा बोळा घालून दिवसभर बाजार करून बघावा.

पहिल्यांदा वाटलं मळ असेल. मळ नव्हता, पडदाही ठणठणीत होता. मग डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली. लोखंडी काटा, ज्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात, तो हातावर आपटून त्यांनी त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली आणि विचारलं, "आवाज कुठल्या कानात येतोय?" मला तो डाव्या कानात आला, म्हणजे ज्या कानाने ऐकू येत नाही त्याच कानात, आणि तोही स्पष्ट. मी दोनदा विचारून खात्री केली. डॉक्टर म्हणाले, "हीच चांगली खूण आहे." कानात येणारा आवाज पडदा आणि मधली हाडं यांतून पुढे जातो, कपाळावरचा आवाज हाडातून थेट आतल्या नसेकडे जातो. तो मंद कानातच मोठा वाटला, याचा अर्थ नस शाबूत आहे, वाटेत कुठेतरी अडलंय. नसच कमजोर असती तर तो आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. या तपासणीला मिनिटभरसुद्धा लागत नाही, पण माझ्या पुढच्या सगळ्या निर्णयाचा पाया तीच होती.

मग कराडला बंद खोलीत ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढला. तो कागद वाचायला मी शिकले, आणि प्रत्येकाने शिकावं असं मला कळकळीने वाटतं. अवघड नाही, चौथीच्या मुलाला आलेख समजतो तेवढंच आहे. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी असते, खर्जापासून टिपेपर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, पण वरून खाली मोजायचे. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. २५ डेसिबलच्या आतलं ऐकणं साधारण चांगलं धरतात. माझा उजवा कान त्या आत होता. डाव्याची फुल्यांची रेघ ५५ च्या आसपास घसरलेली होती. पण त्याच डाव्या कानाच्या हाडातून मोजलेल्या आवाजाच्या खुणा वर, १५ च्या जवळ होत्या. या दोन रेघांमधलं अंतर, माझ्या बाबतीत सुमारे ४० डेसिबल, हेच ऑपरेशनने भरून निघू शकतं. अंतर नसेल, दोन्ही रेघा एकत्र खाली गेल्या असतील, तर दोष नसेत आहे आणि असं ऑपरेशन करून उपयोग नाही. हे एवढं वाक्य मला पहिल्या दवाखान्यात कोणी सांगितलं असतं, तर पुढची बरीच घालमेल वाचली असती.

माझ्या आजाराचं नाव ओटोस्क्लेरोसिस. कानात पडद्यामागे तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. तिच्या पायाभोवती नको ते हाड वाढतं आणि गंजलेल्या बिजागरीसारखी ती जाम होते. मग आवाज आतल्या कानापर्यंत ढकलला जात नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो, पुष्कळदा घराण्यात चालत येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढेमागे दुसऱ्या कानालाही धरतो. माझ्या आईला माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर कमी ऐकू येऊ लागलं. बाळंतपणाने हा आजार बळावतो की नाही याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण आईचा कान कधी तपासलाच गेला नाही, हे मात्र खरं. "बाळंतपणात वारं लागलं" म्हणून घराने तो विषय मिटवला आणि ती आयुष्यभर लोकांच्या ओठांकडे बघत राहिली. तिच्या पिढीतल्या अशा किती जणी गेल्या असतील.

आता त्या पाच मिनिटांच्या तारखेबद्दल. ऑपरेशनचं विचारायला ज्या दवाखान्यात मी प्रथम गेले, तिथे रिपोर्ट बघून "करून टाकू, छोटंसं आहे" असं सांगितलं गेलं आणि काउंटरवर फॉर्म पुढे आला. फॉर्म इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने फुली. धोका काय, असं विचारल्यावर "तसं काही नाही" एवढंच उत्तर. मी सही केली नाही. उर्मटपणा म्हणून नव्हे, पण वर्गात मी मुलांना न वाचता कशावरही सही करू नका असं शिकवते, आणि हा तर माझा कान होता.

पुण्यात दुसरं मत घेतलं. तिथल्या सर्जनबाईंनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने कानाचं चित्र काढलं आणि तीन वाटा सांगितल्या. काहीच करू नका, दर वर्षी ऑडिओग्राम काढत राहा. ऐकण्याचं मशीन लावा. किंवा ऑपरेशन करा. तिन्ही वाटा योग्य आहेत आणि तुम्हाला कसलीही घाई नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ऑपरेशनमध्ये पडदा हळूच बाजूला करून रिकिबीचा वरचा भाग काढतात, तिच्या पायाला बारीक भोक पाडतात आणि एक मिलिमीटरपेक्षाही बारीक पिस्टन ऐरणीला अडकवून त्या भोकात सोडतात. १९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची रिकीब बसवली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया सुधारत आली आहे. अनुभवी हातात दहापैकी नऊ जणांना चांगला गुण येतो. आणि शंभरात साधारण एकाचा तो कान ऑपरेशनने कायमचा जातो, म्हणजे मग मशीन लावण्यापुरतंही ऐकू राहत नाही. चक्कर येऊ शकते. जिभेच्या एका बाजूची चव काही महिने बिघडू शकते, कारण चवीची नस मधल्या कानातूनच जाते. चेहऱ्याच्या नसेला इजा होणं फार दुर्मीळ, पण तेही त्यांनी लपवलं नाही. मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः ही ऑपरेशनं नेहमी करता का?" त्या रागावल्या नाहीत. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, कारण हे काम वारंवार करणाऱ्या हातातच सुरक्षित असतं.

आधी मशीन लावून बघा, असं त्यांनीच सुचवलं. नस चांगली असल्याने या आजारात मशीन छान चालतं, आणि चाललंही. डाव्या बाजूची हाक पुन्हा ऐकू आली तेव्हा मला गहिवरून आलं. पण कोयनेच्या खोऱ्यातला पावसाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चार महिने दमट हवा, घाम, ओली टोपरी, मशीन सारखं बंद पडायचं, रात्री डबीत सिलिका जेल घालून सुकवत ठेवायचं. स्वतःचाच आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमायचा. दुसऱ्या कुणाला हे चाललं असतं, आणि ज्यांना चालतं त्यांनी मशीनवरच थांबावं. त्यात कमीपणा नाही.

घरात मतं वाटली गेली. भाऊ म्हणाला, "ताई, कानाला हात लावू देऊ नकोस, आहे ते जाईल." नवऱ्याचं म्हणणं, तुझा कान, तू ठरव. सासूबाई देवाचा कौल घ्या म्हणाल्या, आणि मी तोही घेऊ दिला, कारण त्यामागे माझी काळजीच होती. शेवटी मी हिशेब असा मांडला: शंभरातली ती एक मी निघाले तर काय? माझा उजवा कान आज चांगला आहे, मशीन आहे, मी शिकवू शकेन. हेच जर उजवा कान आधीच गेलेला असता, तर मी कधीच तयार झाले नसते. एकुलत्या ऐकणाऱ्या कानावर हे ऑपरेशन करत नाहीत असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आणि आजार पुढे उजव्या कानाला लागण्याची शक्यता आहे, तर तोवर डावा कामाचा झालेला बरा. हे उत्तर माझं आहे. संगीत शिकवणाऱ्या बाईचं, उंचावर बांधकाम करणाऱ्या माणसाचं, जिथे तोल गेला तर जीव जाईल, त्यांचं उत्तर वेगळं येईल आणि तेही बरोबरच असेल.

उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन झालं. पूर्ण भूल दिली नव्हती, फक्त कान बधिर केला होता. डोक्यावर हिरवं कापड, त्याखाली मी जागी. मधेच सर्जनबाईंनी विचारलं, "ताई, ऐकू येतंय का?" आणि त्यांचा आवाज त्या बाजूने, अगदी जवळून आला. मागे कुठेतरी ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा टिणकन आवाज झाला, तोही डावीकडूनच. मग कानात पॅक भरला आणि पुन्हा सगळं बंद झालं. घरी सोडताना पथ्यं सांगितली: नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही, इतक्यात विमान नाही. पाण्याच्या कळशीला हात लावायचा नाही हे खेड्यातल्या बाईला पाळणं किती कठीण, ते ज्या घरात नळ आहे त्यांना कळणार नाही. सुरुवातीला उठून बसलं की घर फिरायचं. डाव्या बाजूने चहा कितीतरी दिवस लोखंडी लागला. पॅक काढल्यावर स्टीलच्या ताटांचा आवाज सहन होईना, पिठाच्या डब्याचं झाकण पडलं तरी मी दचकायचे. पुढे हळूहळू हे सगळं निवळलं. नवीन ऑडिओग्रामवर निळ्या फुल्या वर चढून हाडाच्या खुणांजवळ आल्या आहेत. डाव्या कानातली बारीक शीळ मात्र अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. ती जाईलच असं मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिचा त्रासही वाटत नाही.

माझी गोष्ट चांगली संपली म्हणून वाचकांनी आपल्या कानाला माझाच उपाय लावू नये. माझ्या वर्गातल्या एका मुलाला गालगुंड झाले आणि त्यात त्याचा एक कान पूर्ण गेला. दोष आतल्या कानातच होता. त्याच्यासाठी माझं ऑपरेशन निरुपयोगी आहे. त्याच्या वडिलांनी मोठ्या आशेने विचारलं, "बाई, तुमच्यासारखं आमच्या पोराचं होईल का?" तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, तज्ज्ञांना विचारा असं सांगितलं, आणि तोवर त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान माझ्याकडे येईल असा बसवला. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. बालरोगतज्ज्ञ ती खासगीत देतात, पण आमच्या पालकांना ती परवडत नाही आणि माहीतही नसते. ही लस सरकारी यादीत यावी, हे माझं स्वतंत्र मागणं आहे.

घाई कधी करायची हेही लोकांना माहीत हवं. रात्री झोपताना ठीक आणि सकाळी उठल्यावर एका कानाने काहीच नाही, असं झालं तर ती तातडीची बाब आहे. सर्दीने कान बंद झालाय म्हणून वाफ घेत बसू नये. नसेला अचानक मार बसला असेल तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो. कान वाहतोय आणि पाण्याला घाण वास येतोय, तर तिथेही विचार करत बसायला वेळ नाही. आत हाड खाणारी गाठ असू शकते, ती चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत जाते, आणि ते ऑपरेशन जीव वाचवण्यासाठी असतं. आमच्याकडे अजून अशा कानात लसणाचं कढत तेल ओततात. ते थांबलं पाहिजे. आणि एकाच कानाची नस हळूहळू कमजोर होत असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, कारण क्वचित नसेवर गाठ असते. तो खर्च फुकटचा समजून टाळू नये.

सरकारदरबारी एका कानाचं बहिरेपण जवळजवळ मोजलंच जात नाही. अपंगत्वाची टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाच पट वजन देतात आणि बेरजेला सहाने भागतात. एक कान शंभर टक्के गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर उत्तर सतरा टक्क्यांच्याही आत येतं. सवलतींसाठी चाळीस लागतात. मला प्रमाणपत्र नको आहे, पण त्या मुलाला मोफत मशीन वा उपकरण मिळण्याची वाट इथेच बंद होते. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून आहे. कानाची तपासणी लोकांच्या जवळ यावी हाच त्याचा हेतू. आमच्या डोंगरी भागातला माणूस मात्र एका ऑडिओग्रामसाठी अख्खा दिवस आणि मजुरी घालवतो, म्हणून तो काढतच नाही.

राहता राहिलं संमतीपत्र. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पेशंटला समजेल असं सांगितल्यानंतरच त्याची संमती खरी ठरते. ऑपरेशनच्या सकाळी, उपाशी पोटी, स्ट्रेचरशेजारी इंग्रजी कागदावर घेतलेली सही त्या कसोटीला कशी उतरेल? ज्या ऑपरेशनला घाई नाही, त्याचं संमतीपत्र मराठीत असावं आणि निदान आठ दिवस आधी घरी न्यायला मिळावं. त्यात तिन्ही वाटा लिहिलेल्या असाव्यात. ऑडिओग्रामची प्रत न मागता मिळावी. ऑपरेशननंतर कोणत्या बनावटीचा पिस्टन बसवला त्याचं कार्ड पेशंटला द्यावं, कारण पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर ते पहिल्यांदा विचारतात. माझं कार्ड मी सर्व्हिस बुकच्या झेरॉक्ससोबत ठेवलं आहे. आरोग्य खात्याने एवढं परिपत्रक काढलं तरी पुष्कळ होईल, आणि चांगले डॉक्टर तर परिपत्रकाचीही वाट बघणार नाहीत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. आपल्या आरोग्य पुरवणीत ऑडिओग्राम कसा वाचायचा हे एकदा मोठ्या चित्रासह छापा: लाल गोल, निळी फुली, आणि दोन रेघांमधलं अंतर. मी ते पान शाळेच्या भिंतीवर लावीन आणि पालक सभेत समजावून सांगेन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)